चाड्यावरची मूठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमचं गाव धाड. बुलढाण्याहून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की विदर्भ संपता संपता येतं. पुढे मराठवाडा. वऱ्हाडातले लोक आमची बोली ऐकून आम्हाला मराठवाड्याचे समजतात आणि मराठवाड्यातले वऱ्हाडचे. मी तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण आज ज्या विषयावर बोलायचं आहे त्यातली मुख्य गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती कॉलेजात नव्हे, धाडच्या आमच्या वावरात, तिफणीच्या मागे चालताना.

ज्यांनी तिफण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन दात्यांचं पेरणीचं अवजार. वर लाकडी वाटीसारखं चाडं, त्याला भोकं, भोकांतून खाली बांबूच्या नळ्या आणि त्या नळ्या दात्यांनी पाडलेल्या तासात उघडतात. बैल चालत राहतात आणि पेरणारा मुठीतून बी चाड्यात सोडत राहतो. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. सगळी करामत मुठीची. आजोबा म्हणत, मूठ सैल झाली की बी एका जागी सांडतं, आवळली की नांग्या पडतात. नांग्या म्हणजे ओळीत न उगवलेल्या रिकाम्या जागा. दाट पडलेली रोपं एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात आणि रिकाम्या जागेत तण माजतं. बी तेवढंच, जमीन तीच, पाऊसही तोच. फरक वाटपाचा. दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा चाड्यावर मूठ धरू दिली. उगवण झाल्यावर माझ्या त्या ओळी येणाराजाणारा बांधावरूनच ओळखत होता.

आता विषयाकडे येतो. माणसाची कातडी, कूर्चा, हाड, शरीराबाहेर वाढवून पुन्हा शरीरात बसवण्याची जी विद्या आहे तिला टिश्यू इंजिनिअरिंग म्हणतात, मराठीत ऊती अभियांत्रिकी. ऊती म्हणजे एका कामाला जुंपलेल्या पेशींचा समूह. टिश्यू कल्चर म्हटलं की आमच्या भागात लोकांना जळगावकडची केळीची रोपं आठवतात, ते चुकीचंही नाही. नातं आहे. पण केळीच्या कोंबाला मुळं फुटतात, पानं फुटतात, ते आपलं आपण झाड होतं. माणसाच्या कातडीच्या पेशीला तसं होता येत नाही. तिला आधार लागतो, मांडव लागतो, आणि त्या मांडवावर तिला सारखं पेरावं लागतं. त्या सारख्या पेरणीचा हा इतिहास आहे.

पण त्याआधी माझ्या धाकट्या आत्याबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याशिवाय मी या विषयाच्या मागे लागलो नसतो.

१९७३ सालची थंडी. स्टोव्हचा भडका झाला आणि आत्याच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला. तिला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. पहिले तीन-चार दिवस ती बोलत होती, पाणी मागत होती, आम्हाला वाटलं वाचली. मग डॉक्टरांनी माझ्या वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, की जखमांवर कातडी लावायला हवी आणि ती हिच्याच अंगावरची हवी. पण लावण्याजोगी कातडी उरलेली नाही. माझी आजी तिथंच उभी होती. ती म्हणाली, "माझी घ्या ना. मला काय करायची?" आणि लुगड्याचा काठ वर करून तिनं पोटरी दाखवली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिला हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, "आजी, तुमची तिला टिकायची नाही." बाराव्या दिवशी आत्या गेली. आजीला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं, की आपली कातडी म्हातारी म्हणून नको म्हटली.

तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पीटर मेडावर नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं भाजलेल्या रुग्णांवर काम करताना दाखवून दिलं होतं, की दुसऱ्याची कातडी शरीर परकी म्हणून ओळखतं आणि फेकून देतं. दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर फेकतं. त्याच कामाच्या वाटेवर पुढे १९६० साली त्याला नोबेल मिळालं. आईची कातडीही मुलीला परकीच. हे मी बी. एस्सी.ला वाचलं तेव्हा घरी येऊन आजीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

तर प्रश्न असा, की माणसाची स्वतःचीच थोडीशी कातडी घेऊन ती बाहेर वाढवता येईल का?

या प्रश्नाची गोष्ट इंग्रजी पुस्तकं अमेरिकेपासून सुरू करतात. मी ती पुण्यापासून सुरू करतो, आणि त्याला कारण आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र छापलं गेलं. कावसजी नावाच्या गाडीवानाची ती हकिकत. नाव पारशी वाटतं, पण पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा करणाऱ्या जातीतला होता, आपण कुंभार म्हणू. त्याचं नाव पत्रात नाही. कावसजीचं मात्र चित्र आहे; पेशवाईतल्या पुण्यात वावरलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानं ते काढलं.

त्या कुंभारानं काय केलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. त्यानं मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेनं रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण पूर्ण कापून काढली नाही. दोन भुवयांच्या मध्ये कातडीची एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली आणि त्या पट्टीवर पीळ देऊन कपाळाची कातडी खाली नाकाच्या जागी बसवली. सांध्यावर काताच्या लेपाच्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला, नवं नाक जुन्या जागेला धरलं की मग ती पट्टी कापायची.

पट्टी का ठेवायची? कारण तिच्यातून रक्त येतं. नव्या जागेतून रक्ताचा पुरवठा सुरू होईपर्यंत जुना पुरवठा तोडायचा नाही. पत्रलेखकानंही हे कारण नोंदवलं आहे. सुश्रुतापासून चालत आलेली ही समज त्या वीटवाल्याच्या बोटांत होती. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदानं वीस वर्षांनी, १८१४ साली, तशी शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. युरोपच्या प्लास्टिक सर्जरीचा एक धागा असा आपल्या पुण्याच्या वीटभट्टीपाशी येऊन थांबतो.

ही पट्टी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

शरीराबाहेर पेशी जगवण्याची सुरुवात १९०७ सालची. रॉस हॅरिसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं बेडकाच्या भ्रूणातला मज्जातंतूचा तुकडा बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात काचेखाली टांगून ठेवला, आणि त्यातून तंतू वाढताना पाहिला. पाच वर्षांनी अॅलेक्सिस कॅरेलनं न्यूयॉर्कला कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी वाढवायला घेतल्या. त्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेलच्या मृत्यूनंतरही दोन वर्षं, चालू होत्या. वर्तमानपत्रं त्यांचे वाढदिवस छापत. पेशी अमर असते असा त्यामुळे समज झाला. तो १९६१ साली हेफ्लिकनं मोडला. साधी पेशी पन्नासेक वेळा विभागते आणि थांबते, असं त्यानं दाखवलं. मग कॅरेलच्या पेशी कशा टिकल्या? खाद्य म्हणून भ्रूणाचा जो अर्क घालत त्यातूनच नव्या पेशी आत जात असाव्यात, असा अनेकांचा अंदाज आहे. आमच्याकडे एका बाईचं विरजण चाळीस वर्षं चालू आहे, त्यातलाच प्रकार.

पण हॅरिसन काय, कॅरेल काय, सगळं काम काचेच्या सपाट तळावर. पेशींचा एकच पातळ थर, वर खाद्याचं पाणी. वाफ्यातल्या पालेभाजीसारखं. प्रत्येक रोपाला वरून पाणी, वरून हवा. भांडण नाही. आणि कातडीचं वरचं आवरण पातळच असल्यामुळे पहिलं यशही तिथंच आलं. १९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत भरभर वाढवण्याची युक्ती शोधली. १९८३ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले दोन लहान भाऊ अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजून बोस्टनला आले. त्यांच्या उरलेल्या कातडीचे इवलेसे तुकडे घेऊन ग्रीनच्या प्रयोगशाळेनं पातळ चादरी वाढवल्या आणि त्यांच्या अंगावर लावल्या. दोघं वाचले. आत्या गेली त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

मात्र त्या चादरी फार नाजूक. कातडीला खाली जाड अस्तर असतं, ते त्यात नव्हतं. ते अस्तर बनवण्याचा मार्ग दोन वर्षं आधी, १९८१ मध्ये, बोस्टनच्याच जॉन बर्क आणि आयोनिस यानस यांनी दाखवला होता. गाईच्या कातडीतलं कोलॅजेन हे प्रथिन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून त्यांनी स्पंजासारखा सच्छिद्र पडदा केला, वर सिलिकोनचं झाकण. हा पडदा जखमेवर ठेवला की शरीराच्या आतल्या पेशी त्या भोकांतून वर चढतात, रक्तवाहिन्या येतात आणि हळूहळू पडदा विरघळून त्याच्या जागी आपलं अस्तर तयार होतं. वेल चढल्यावर मांडवच खाऊन टाकते असं समजा. गाय आणि शार्क ऐकून आपल्याकडे कोणाच्या कपाळाला आठी पडेल. पण भाजलेल्या लेकराच्या आईला विचारा.

इथून मांडवाची कल्पना धरली गेली. इंग्रजीत तिला स्कॅफोल्ड म्हणतात. गवंडी ज्याला परांची म्हणतो तीच. जोसेफ व्हॅकांटी हे बोस्टनचे बालशल्यविशारद. यकृत मिळत नाही म्हणून लहान मुलं डोळ्यांदेखत जाताना ते पाहत होते. रॉबर्ट लँगर हे रासायनिक अभियंते, विरघळणाऱ्या प्लास्टिकांचे जाणकार. जाड अवयवाच्या आतपर्यंत पेशींना खाद्य कसं पोचवायचं या विचारात असताना व्हॅकांटींना समुद्रकाठी पाण्यात डुलणारं शेवाळ दिसलं आणि त्याच्या फांद्या-उपफांद्या पाहून उत्तर सुचलं, असं सांगतात. या दोघांनी १९९३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात टिश्यू इंजिनिअरिंगवर जो लेख लिहिला, त्यानं या विद्येला जगभर ओळख दिली. चार वर्षांनी उंदराच्या पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढवल्याचं छायाचित्र जगभर गाजलं. तो कान ऐकू येणारा नव्हता, माणसाचाही नव्हता. गाईच्या कूर्चेच्या पेशी होत्या. पण तेव्हा वाटलं, आता काय, दहा वर्षांत यकृत, मूत्रपिंड, हृदय.

तसं झालं नाही. का झालं नाही, हे पेरणाऱ्याला चटकन कळेल.

समजा बोटाच्या पेराएवढा, पाच मिलिमीटर जाडीचा सच्छिद्र तुकडा आहे. पेशी मिसळलेलं पाणी वरून थेंबाथेंबानं सोडलं. पाणी आत मुरलं. पण पेशी पाण्यासारख्या मुरत नाहीत. त्या पहिल्या भेटलेल्या भिंतीला चिकटतात. वरचा थर दाट झाला. काही पेशी आरपार खाली गळून बशीच्या तळाला चिकटल्या, त्या वाया गेल्या. मधे नांग्या. ही झाली पेरणीची खोट.

दुसरी खोट पाण्याची. वरच्या दाट पेशींना खाद्य भरपूर, त्या विभागत राहतात आणि भोकांची तोंडंच बुजवतात. आतल्यांना प्राणवायू पोचत नाही आणि त्यांची घाण बाहेर पडत नाही. पेशींच्या गर्दीतून नुसत्या झिरपण्यानं प्राणवायू किती आत जातो? शंभर-दोनशे मायक्रॉन. म्हणजे डोक्यावरचे दोन केस शेजारी ठेवले तर जेवढी जाडी होईल साधारण तेवढंच. त्यापलीकडे उपासमार. कालव्याच्या तोंडाशी उसाला पाणी आणि टेलच्या शेतकऱ्याची ज्वारी वाळलेली, हे चित्र आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. काही आठवड्यांनी तुकडा कापून पाहिला की बाहेर भाकरीचा पापुद्रा आणि आत पोकळ.

आपल्या शरीरानं यावर तोड काढली आहे ती केशवाहिन्यांची. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाला १९२० साली नोबेल मिळालं ते यांच्याच अभ्यासाबद्दल. आणि त्या वाहिन्यांतून जातं ते साधं पाणी नव्हे. शंभर मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. त्यातला रक्तद्रवात नुसता विरघळलेला भाग अर्धा मिलिलिटरही नसतो, बाकी सगळं ओझं हिमोग्लोबिन उचलतं. प्रयोगशाळेतल्या खाद्याच्या पाण्यात हिमोग्लोबिन नाही आणि तुकड्यात केशवाहिन्या नाहीत. कावसजीच्या कपाळावरची ती चिंचोळी पट्टी इथं कापलेली असते.

म्हणून पुढची पंचवीस-तीस वर्षं लोकांची बुद्धी कशात खर्च झाली, तर पेरण्याच्या आणि पाजण्याच्या यंत्रांत. बाटलीत पाणी ढवळत ठेवून सांगाडे सुयांवर टांगले, म्हणजे पेशी चहूबाजूंनी आदळाव्यात. बाहेर बऱ्या, आत त्याच नांग्या. अमेरिकेच्या नासानं आडवं फिरणारं भांडं केलं, त्यात तुकडा सतत पडत राहतो पण तळाला टेकत नाही. १९९६-९७ मध्ये तर कूर्चेचे तुकडे चार महिने रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर वाढवून पाहिले. वजनच नसेल तर पेशी सारख्या वाढतील असं वाटलं होतं. तिथले तुकडे गोल गोळ्यांसारखे झाले, आणि पृथ्वीवर वाढवलेल्या जोडीदारांपेक्षा कच्चे निघाले. कूर्चेला भार लागतो. न वाकलेली पाठ मजबूत कशी होणार, असं आजोबा म्हणाले असते.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली तोड स्वित्झर्लंडमधल्या बाझलची. २००३ साली डेव्हिड वेंट, इव्हान मार्टिन आणि त्यांच्या सोबत्यांनी पेशींचं पाणी सांगाड्यावर ओतण्याऐवजी सांगाड्यातून आरपार नेलं, आणि एकदाच नव्हे; पुढे, मागे, पुन्हा पुढे, भरती-ओहोटीसारखं. पहिल्या खेपेला जी पेशी न चिकटता पलीकडे गेली तिला परतताना दुसरी संधी. आत-बाहेर पेशी जवळजवळ सारख्या बसल्या आणि वाया कमी गेल्या. मग तोच प्रवाह चालू ठेवून खाद्य पुरवायचं. इथंही मूठ सांभाळावी लागते. पाट जोरात सोडला तर बी वाहून जातं, पेशींचंही तेच. हळू सोडला तर टेल कोरडा.

आणि गंमत पाहा. याच बाझलच्या गटानं २०१४ साली पाच रुग्णांच्या नाकावर काम केल्याचं जाहीर केलं. कर्करोगामुळे नाकपुडी कापावी लागलेली माणसं. त्यांच्याच नाकाच्या पडद्यातली थोडी कूर्चा घेऊन, पेशी वाढवून, कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर नवी कूर्चा तयार केली आणि बसवली. वरून झाकायला कातडी कुठून घेतली? काहींची गालाकडची आणि काहींची कपाळावरची, एक बाजू जोडलेली ठेवून. दोनशेवीस वर्षांनंतरही पुण्याच्या वीटवाल्याची पट्टी होतीच.

आपल्याकडे या विद्येची पायाभरणी १९८६ साली पुण्यात झाली. प्राण्यांच्या ऊती आणि पेशी सांभाळून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्यासाठी एक राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. तीच पुढे गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र झाली. पेशींची बँक म्हणा, बियाणे महामंडळ म्हणा. तिच्याआधी परदेशातून एखादी पेशी मागवायची तर वाटेतच मरायची भीती. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडासाठी सच्छिद्र सांगाडे तयार केले आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी निघाली. आमच्या धाडपासून जालना लांब नाही, तिथं रेशीम कोषांचा बाजार भरतो. तुतीची पानं कुरतडणारा किडा कोणाच्या तरी मोडक्या हाडाचा मांडव विणतो आहे, ही कल्पना मला फार आवडते. मुंबईच्या आयआयटीतही सांगाड्यांवर काम चालतं. रुग्णाच्याच पेशी वाढवून कूर्चेवर आणि हाडावर उपचार करायला औषध महानियंत्रकांनी २०१७ साली एका मुंबईच्या कंपनीला परवानगी दिली.

पण भाजलेल्या बाईसाठी म्हणून विचाराल, तर माझ्या मते महाराष्ट्रातलं मोठं काम प्रयोगशाळेत नव्हे, वॉर्डात झालं. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडावर चिकटवून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर लावल्या. १९८५ साली त्यावर निबंधही छापला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरात आणली. ती चिकटत नाही, बदलताना रुग्ण किंचाळत नाही आणि खर्च जवळजवळ नाही. त्यांनीच २००० साली सायनला त्वचापेढी सुरू केली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरची पातळ कातडी घेतात, ती टिकवून ठेवतात आणि भाजलेल्यांवर लावतात. मेडावरचा नियम मोडत नाही. ती कातडी काही आठवड्यांनी गळून पडते. पण तेवढ्या अवधीत जखम झाकलेली राहते, शरीरातलं पाणी राहतं आणि रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा घेता येईल इतका वेळ मिळतो. म्हणजे आजीची पोटरी अगदीच निरुपयोगी नव्हती. हे कळलं तेव्हा आजीला जाऊन वर्षं लोटली होती.

घाई केली की काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. २०११ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इस्पितळात पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदानं प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्याच मूळ पेशी पेरल्या आहेत, त्या वाढून खरी श्वासनलिका होईल, असं सांगितलं गेलं. जगभर टाळ्या पडल्या. पेशी पेरायला दिलेला वेळ होता दीड दिवस, आणि त्या नळीला रक्त पुरवणारं काही नव्हतं. ना कुंभाराची पट्टी, ना पंचवीस दिवसांचा धीर. स्वीडनमध्ये ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली ते तिघंही पुढे दगावले. ‘लॅन्सेट’नं तो निबंध २०१८ साली मागे घेतला आणि २०२३ साली तिथल्या अपील न्यायालयानं मॅकियारिनींना अडीच वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली. याउलट अमेरिकेत अँथनी अटाला यांनी पेशी पेरून वाढवलेली मूत्राशयं मुलांमध्ये बसवली. २००६ साली सात रुग्णांची हकिकत छापताना त्यांनी नोंदवलं, की नव्या मूत्राशयाभोवती आतड्यांवरची रक्तवाहिन्यांनी भरलेली झिल्ली पदरासारखी गुंडाळली तिथं ती जास्त चांगली चालली. पुन्हा रक्ताचंच.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलो असताना एका जुन्या विद्यार्थिनीनं तिची प्रयोगशाळा दाखवली. मुलगी आमच्याच पट्ट्यातली, जाफराबादकडची. तिनं सांगाड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या पडद्यावर निळे ठिपके चमकत होते, प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीचं केंद्रक. कडेला ठिपक्यांची दाटी, मधे काळोख.

मी म्हणालो, "नांग्या पडल्या की गं."

ती हसली. तिच्या बाजूला बसलेला बंगाली मुलगा विचारात पडला, तेव्हा तिनं त्याला नांगी म्हणजे काय ते इंग्रजीत समजावलं. जरा वेळ लागला. मग मला म्हणाली, "सर, तुमचे आजोबा बारीक बी कसं पेरायचे? तिळासारखं? ते तर मुठीत धरताच येत नाही."

मी सांगितलं, तिळात ते बारीक वाळू मिसळायचे. म्हणजे मूठ भरते, आणि दोन बियांच्या मधे आपोआप अंतर पडतं.

"हे बघा," असं म्हणून तिनं दुसरा काप लावला. या खेपेला त्यांनी पेशी नुसत्या पाण्यात न सोडता आधी पातळ जेलमध्ये कालवल्या होत्या आणि ते जेल सांगाड्यात भरलं होतं. कडेला ठिपके जरा विरळ होते. मधेही होते.